अरियपरियेसना : आचार्य, साधना आणि आपला मार्ग

मज्झिमनिकायातील सव्विसाव्या सुत्ताला दोन नावे आहेत. अट्ठकथेच्या परंपरेत ते 'पासरासिसुत्त' म्हणून येते. अभ्यासकांमध्ये मात्र 'अरियपरियेसनसुत्त' हे नाव अधिक रूढ झाले आहे. यातील 'परियेसना' या शब्दाचा 'परि' हा उपसर्ग दुर्लक्षिण्यासारखा नाही. नुसती ओढ किंवा जिज्ञासा म्हणजे परियेसना नव्हे. ठिकठिकाणी जाऊन, विचारपूस करून, पारखून घेत केलेला शोध असा तिचा अर्थ आहे. जो स्वतः जरा, व्याधी आणि मरण यांच्या अधीन आहे, त्याने त्यांच्याच अधीन असलेल्या पुत्रदारा, दासदासी, गाईगुरे आणि सोनेनाणे यांच्यामागे धावावे, ही अनार्य परियेसना. या अधीनतेचा दोष ओळखून जे तिच्या पलीकडचे आहे ते शोधावे, ही आर्य परियेसना. एवढा भेद सांगून झाल्यावर तथागत भिक्षूंना स्वतःच्या शोधाची हकीकत सांगतात.

ही हकीकत आज पुन्हा वाचण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. विहारांतून आणि अभ्यासवर्गांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कोणी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर केलेले असते आणि तेथे शरीरावरील वेदना समतेने पाहण्याचा अभ्यास शिकलेला असतो. पुढे महासी सयाडो (१९०४-१९८२) यांच्या परंपरेतील आचार्यांकडे गेल्यावर, श्वासाबरोबर पोटाचे वर येणे व खाली जाणे यांची मनात नोंद घेण्यास त्याला सांगितले जाते. तिसरीकडे, आधी ध्यान पक्के करा आणि मग विपस्सनेकडे वळा, असा उपदेश मिळतो. आपल्या पद्धतीत दुसरी मिसळू नका, असेही बहुतेक ठिकाणी बजावले जाते. साधक गोंधळतो. एकाच आचार्यांपाशी राहावे की पुढे जावे? पुढे जाणे ही कृतघ्नता तर नव्हे? आणि आपला मार्ग सापडला हे ओळखायचे कशावरून?

या प्रश्नांना हमखास दोन उत्तरे मिळतात. गुरूवाचून गती नाही, हे पहिले उत्तर. बुद्धांना कोणी गुरू नव्हता, तेव्हा आपणच आपला दीप व्हावे, हे दुसरे. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अरियपरियेसनसुत्तापुढे टिकत नाहीत. बोधिसत्त्वांनी दोन आचार्य केले आणि दोघांनाही सोडले. त्यांनी ते कधी सोडले, कोणत्या कारणासाठी सोडले आणि सोडताना बरोबर काय नेले, हे पाहिल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

बोधिसत्त्व प्रथम आळार कालामांकडे गेले. आपल्या धम्मविनयात ब्रह्मचर्य पाळण्याची त्यांनी अनुज्ञा मागितली. आळारांचे उत्तर मोठे उदार आहे. हा धम्म असा आहे की सुज्ञ पुरुष थोड्याच काळात आचार्यांचे ज्ञान स्वतः साक्षात करून त्यात विहरू शकतो, असे त्यांनी सांगितले. शिष्याला कायमचा शिष्य ठेवण्याची इच्छा या उत्तरात नाही. बोधिसत्त्वांनी तो धम्म लौकरच आत्मसात केला. पण पुढे ते जे म्हणतात त्यावर साधकाने थांबून विचार करावा. ओठ हलवण्यापुरते आणि पाठ म्हणून दाखवण्यापुरते आपण 'ञाणवाद' आणि 'थेरवाद' बोलू लागलो, आपण जाणतो व पाहतो असा दावा करू लागलो आणि इतरही आपल्याविषयी तसे म्हणू लागले, अशी स्पष्ट कबुली तेथे आहे. (येथील 'थेरवाद' हा शब्द पुढील काळातील संप्रदायाचा वाचक नाही. जुन्या जाणत्यांच्या तोंडचे निश्चयात्मक वचन, एवढाच त्याचा अर्थ आहे. नवे वाचक येथे हमखास अडखळतात, म्हणून हा खुलासा.)

आजचे बहुतेक साधक याच पायरीवर आचार्य बदलतात. परिभाषा अवगत झाली, दोनतीन शिबिरे झाली, चार लोकांत बोलता येऊ लागले की येथे शिकण्यासारखे आता उरले नाही असे वाटू लागते. बोधिसत्त्वांना मात्र नेमक्या याच जागी निराळी शंका आली. आळार हा धम्म केवळ श्रद्धेच्या आधारे सांगत नसावेत, त्यांनी तो खात्रीने अनुभवलेला असावा, असे त्यांना वाटले. आणि ते आळारांकडे जाऊन, आपण हा धम्म कोठपर्यंत साक्षात केला आहे असे विचारते झाले. आळारांनी 'आकिञ्चञ्ञायतन' सांगितले. रूपसंज्ञा ओलांडून अनंत आकाश, त्यानंतर अनंत विज्ञान, आणि तेही ओलांडून 'काहीही नाही' या आलंबनावर स्थिरावलेले चित्त, अशी ही समापत्ती आहे. ते ऐकून बोधिसत्त्वांनी मनाशी विचार केला, की श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा एकट्या आळारांपाशीच आहेत असे नव्हे. त्या माझ्यापाशीही आहेत. आचार्यांविषयीचा आदर न सोडता स्वतःवरचा विश्वास कसा राखावा, याचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही. त्यांनी उद्योग केला, ती समापत्ती मिळवली आणि ते परत आचार्यांकडे आले. आपण सांगता तो धम्म एवढाच ना, असे पडताळून घेतले. आळार आनंदित झाले. त्यांनी शिष्याला आपल्या बरोबरीचे स्थान दिले आणि दोघांनी मिळून हा गण सांभाळू असे सुचवले.

बोधिसत्त्व निघाले ते यानंतर. ज्यासाठी घर सोडले तो प्रश्न त्यांनी बरोबर ठेवला होता, आणि या धम्माला त्यांनी तोच प्रश्न लावून पाहिला. हा निर्वेद, विराग, निरोध, उपशम, अभिज्ञा, संबोधी आणि निर्वाण यांकडे नेतो काय? उत्तर नकारार्थी आले. तो आकिञ्चञ्ञायतनात उपपत्ती होण्यापुरताच उपयोगी होता. समापत्तीत कितीही उंच गेले तरी जरामरणाची अधीनता जागच्या जागी राहत होती. ज्या क्रियाविशेषणाने हा निरोप सांगितला आहे ते 'अनलङ्करित्वा' हे होय. 'अलं' न म्हणता, म्हणजे एवढे पुरे असे न मानता. त्यात दूषण नाही. आळार खोटे ठरले नाहीत, त्यांचा धम्म अपुरा ठरला.

दुसरे आचार्य उद्दक रामपुत्त. वरवर पाहता येथे पहिलीच कथा पुन्हा सांगितल्यासारखी वाटते आणि घाईने वाचणारे ती तशीच वाचतात. मूळ पालीतील क्रियापदे मात्र वेगळे सांगतात. आळारांविषयी 'पवेदेति', 'विहरति' अशी वर्तमानकाळाची रूपे आहेत. उद्दकांकडे गेल्यावर ती 'पवेदेसि', 'विहासि' अशी भूतकाळात जातात आणि कर्ताही बदलतो. येथे कर्ता उद्दक नसून राम आहे. बोधिसत्त्व उद्दकांना विचारतात ते रामांनी कोठपर्यंत साक्षात केले होते हे. श्रद्धा-वीर्यादी पाच गुणही रामांच्याच नावे मोजले जातात. म्हणजे 'नेवसञ्ञानासञ्ञायतन' रामांनी मिळवले होते. उद्दक हे त्यांच्या वारशाचे रक्षक होते, स्वतः तेथे पोहोचलेले नव्हते. म्हणूनच आळारांनी 'परिहराम' या अनेकवचनी रूपाने सहनेतृत्व देऊ केले, तर उद्दकांनी 'परिहर' या एकवचनी आज्ञार्थाने संपूर्ण गणच शिष्याच्या हाती दिला आणि त्याला आचार्यस्थानी बसवले. गण चालवणाऱ्यापेक्षा नवागत शिष्य पुढे गेला होता आणि उद्दकांनी तसे मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा मानावा लागेल. संयुत्तनिकायात मात्र उद्दकांनी स्वतःला वेदपारग व सर्वजित म्हणवून घेतल्याचा निर्देश आहे, आणि तो दावा तथागतांनी नाकारला आहे.

या दोन आचार्यांच्या ऐतिहासिकतेविषयी विद्वानांत मतभेद आहेत. फ्रेंच संशोधक आंद्रे बारो यांना ही हकीकत मागाहून रचलेली वाटली. अलेक्झांडर विन यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती ऐतिहासिक मानण्याच्या बाजूने युक्तिवाद केला. राम आणि रामपुत्त यांच्यातील हा बारीक भेद कोणी मुद्दाम रचण्याचे प्रयोजन दिसत नाही, हा त्यांचा एक मुद्दा आम्हांला पटतो. अश्वघोषांच्या बुद्धचरितात आराड यांच्या मुखी सांख्यांशी मिळतेजुळते तत्त्वज्ञान घातलेले आहे. पाली सुत्तांत त्याचा मागमूस नाही, तेथे भर आहे तो साधनेवर.

'नेवसञ्ञानासञ्ञायतन' म्हणजे काय हे विसुद्धिमग्गाने एका घरगुती दृष्टान्ताने समजावले आहे. एका सामणेराने पात्राला तेल लावून ठेवले होते. यवागू पिण्याच्या वेळी स्थविरांनी पात्र मागितले, तेव्हा पात्रात तेल आहे असे तो म्हणाला. मग आण, नळी भरून घेऊ, असे स्थविर म्हणाले. तर सामणेर म्हणतो, तेल नाही. यवागू बिघडवण्यापुरते तेल आहे, नळी भरण्यापुरते नाही. त्या समापत्तीतील संज्ञा अशीच, आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही. एवढ्या सूक्ष्म अवस्थेलाही बोधिसत्त्वांनी तोच जुना प्रश्न विचारला आणि तेच उत्तर मिळाल्यावर ते तेथूनही निघाले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. पुढे तथागतांनी स्वतःच्या शिकवणीत या दोन्ही समापत्तींना स्थान दिले. सल्लेखसुत्तात त्यांना 'शांत विहार' म्हटले आहे; मात्र त्यांनाच क्लेशांचे सल्लेखन, म्हणजे खरडून काढणे, समजू नये असे बजावले आहे. आचार्यांपासून मिळालेले त्यांनी टाकून दिले नाही. त्याची जागा ठरवली. एक शिबिर सोडून दुसरीकडे गेल्यावर पहिल्या पद्धतीची निंदा करणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

त्यानंतर उरुवेला. महासच्चकसुत्तात त्या कठोर तपश्चर्येचे तपशील आहेत : दात दातांवर दाबून चित्ताचे दमन, श्वास कोंडणे, अन्न ओंजळभर कढणावर आणणे. येथे आचार्य कोणी नव्हते, तरी मार्ग स्वतःचा नव्हता. देहाला कष्ट दिल्यावाचून ज्ञान नाही, ही त्या काळच्या श्रमणांची सर्वमान्य समजूत होती. स्वतःचे असे काही उगवले ते एका आठवणीतून. पिता शेतावर कामात असताना जांभळीच्या शीतल छायेत बसून बालपणी पहिले ध्यान लाभले होते, ते आठवले आणि हाच बोधीचा मार्ग असेल काय असे वाटून गेले. लगेच दुसरा प्रश्न आला : ज्या सुखाचा कामभोगांशी आणि अकुशलाशी काही संबंध नाही, त्या सुखाला मी भितो का? या प्रश्नापाशी संपूर्ण शोध वळला. आचार्यांचे अधिकार आणि समकालीनांच्या समजुती बाजूला ठेवून बोधिसत्त्वांनी स्वतःच्याच एका जुन्या, बिनमहत्त्वाच्या समजल्या गेलेल्या अनुभवाकडे नव्याने पाहिले. दोन आचार्यांपाशी चित्त एवढे कमावले नसते तर त्या आठवणीचे मोल त्यांना कळले असते काय? सुत्त यावर काही सांगत नाही. आमचा तर्क नकाराकडे झुकतो.

त्यांनी भात आणि कुल्माष घेतला. तेव्हा हा आता चैनीकडे वळला असे म्हणून पाच साथीदार निघून गेले. आचार्य सोडण्याची चर्चा पुष्कळ होते. आपल्यालाच सोबती सोडून जातात त्या प्रसंगाची फारशी होत नाही.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. आयुष्मान मेघिय हे चालिका येथे तथागतांचे उपस्थाक होते. किमिकाळा नदीच्या काठी एक रम्य आम्रवन त्यांना दिसले आणि तेथे एकट्याने ध्यान करण्याची इच्छा झाली. दुसरा भिक्षू येईपर्यंत थांब, असे तथागतांनी दोनदा सांगितले. तिसऱ्या वेळी मात्र अडवले नाही. मेघिय त्या वनात जाऊन बसले आणि काम, व्यापाद व विहिंसा यांच्या वितर्कांनी त्यांना वेढून टाकले. ते परत आले. तथागत रागावले नाहीत. चित्तविमुक्ती परिपक्व नसताना ती पक्व करणाऱ्या पाच गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्यांतील पहिली कल्याणमित्रता आहे. मेघियांची ओढ खोटी नव्हती. पण त्यांच्यापाशी जागेची ओढ होती, प्रश्न नव्हता. बोधिसत्त्व आळारांना सोडून गेले आणि मेघिय तथागतांना, यांत फरक आहे तो हाच.

आचार्यांची परीक्षा करावी की नाही, याविषयी आपल्या समाजात उगाचच संकोच आहे. वीमंसकसुत्त तर सांगते की दुसऱ्याचे चित्त जाणू न शकणाऱ्या शिष्याने खुद्द तथागतांचीही परीक्षा करावी. त्यांच्या कृतीत आणि वाणीत मलिनता दिसते काय? कधी शुद्ध कधी अशुद्ध असा मिश्र व्यवहार आहे काय? हा गुण दीर्घकाळचा आहे की अलीकडचा? कीर्ती लाभल्यावर त्यांच्या ठायी काही दोष उत्पन्न झाले काय? हा शेवटचा प्रश्न अडीच हजार वर्षांनंतरही जुना झालेला नाही. चङ्कीसुत्तात कापटिक नावाच्या सोळा वर्षांच्या ब्राह्मण तरुणाला हेच निराळ्या रीतीने सांगितले आहे. आधी आचार्यांच्या लोभ, द्वेष व मोहाची पारख करावी. मग श्रद्धा ठेवावी, जवळ जावे, ऐकावे, ध्यानात ठेवावे आणि अर्थ तपासावा. श्रद्धा येथे पारखीच्या नंतर येते. शिवाय 'माझी अशी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे, 'हेच सत्य आणि इतर सर्व मिथ्या' असे म्हणू नये. यालाच तेथे सत्याचे अनुरक्षण म्हटले आहे. कालामांना दिलेला उपदेश आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे, पण तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. श्रमण आपला गुरू आहे एवढ्यावरून काही मानू नये हे खरे. पण सुज्ञांनी निंदिलेले काय आणि प्रशंसिलेले काय हेही पाहावे, असे त्याच उपदेशात आहे. एकट्याच्या आवडीनिवडीला तेथे प्रमाण मानलेले नाही.

मग 'आपला मार्ग' या शब्दांना बौद्ध परंपरेत काही अर्थ उरतो काय? उरतो, आणि तो विसुद्धिमग्गात स्पष्ट केलेला आहे. बुद्धघोषांनी चाळीस कम्मट्ठाने सांगितली आणि साधकांची सहा चरिते मानली : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी व वितर्क. रागचरिताला अशुभभावना हितकर. द्वेषचरिताला मैत्री आदी चार ब्रह्मविहार आणि वर्णकसिणे. मोहचरित व वितर्कचरित यांना आनापानस्मृती. साधकाचे उठणे-बसणे, जेवणे, झाडणे यांवरूनही कल्याणमित्राने त्याचे चरित ओळखावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मार्ग स्वतः घडवायचा नाही, पण तो आपल्या प्रकृतीस अनुरूप निवडता येतो, आणि आपली प्रकृती आपल्यालाच कळते असे नव्हे. अर्थात, हजारोंच्या शिबिरांत प्रत्येकाचे झाडणे कोण पाहणार, हा आजचा खरा अडसर आहे. अशी शिबिरे सर्वांना एकच आलंबन देतात ते सोयीसाठी, आणि आरंभासाठी ते पुरेही होते. पण एखाद्याला ते मानवले नाही म्हणून त्याने स्वतःला अपात्र ठरवण्याचे काहीच कारण नाही.

मराठी वाचकांना या विषयात धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचे 'निवेदन' आठवल्यावाचून राहणार नाही. बुद्धधर्माचे ज्ञान मिळवायचे एवढा एकच हेतू धरून ते १८९९ साली गोव्यातून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी; मग बौद्ध देश म्हणून नेपाळ, आणि तेथील निराशा; पुढे बुद्धगया, सिंहलद्वीपातील विद्योदय विहार व सुमंगल महास्थविर; त्यानंतर ब्रह्मदेश. काशीचे पंडित त्यांना बुद्धधर्म शिकवणारे नव्हते. तरीही त्यांच्यापाशी शिकायचे ते संस्कृत त्यांनी चिकाटीने शिकून घेतले, आणि पुढे पालीच्या अध्ययनात ते कामी आले. १९२५ साली त्यांनी मराठीत 'समाधिमार्ग' लिहिला, तो विसुद्धिमग्गाच्या आधाराने. अखेरच्या वर्षांत पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मानेही त्यांना आकृष्ट केले. अनेक ठिकाणी गेलेला हा माणूस भटका का वाटत नाही, याचे कारण त्यांचा प्रश्न एकच होता.

एक शंका शिल्लक राहते. बोधीनंतर वाराणसीच्या वाटेवर उपक आजीवकाने तथागतांना त्यांचा आचार्य कोण असे विचारले, तेव्हा आपला कोणी आचार्य नाही असे उत्तर मिळाले. मग आळार कोण? सुत्तच याचा उलगडा करते. त्याच अरियपरियेसनसुत्तात, त्याच भिक्षूंसमोर, आळारांनी आचार्य असून मला शिष्याला बरोबरीचे स्थान दिले, असे तथागत सांगतात. 'आचरियो' हाच शब्द तेथे आहे. उपकाला दिलेले उत्तर संबोधीपुरते आहे. आळारांना दिलेले नाव शिकण्यापुरते. आणि संबोधीनंतरही कोणाचाच आदर न करता राहणे तथागतांना दुःखाचे वाटले, असे गारवसुत्त सांगते. आपल्याहून शील, समाधी वा प्रज्ञेने श्रेष्ठ असा कोणी आढळेना, तेव्हा ज्या धम्माचा बोध झाला त्याचाच आदर करून राहण्याचे त्यांनी ठरवले.

धम्म प्रथम कोणाला सांगावा, हा प्रश्न उभा राहिला तेव्हाही पहिले नाव आठवले ते आळारांचे. ते सुज्ञ आहेत, त्यांच्या डोळ्यांत धूळ अल्प आहे, ते लौकर समजतील. पण आळारांना जाऊन सात दिवस झाले होते. मग उद्दक आठवले. ते आदल्याच रात्री गेले होते. दोघांच्याही बाबतीत, त्यांची फार मोठी हानी झाली, अशी हळहळ सुत्ताने नोंदवली आहे. त्यानंतर आठवले ते सोडून गेलेले पाच साथीदार.

आळारांचे नाव तथागतांच्या आयुष्यात आणखी एकदा येते, पंचेचाळीस वर्षांनंतर. चुंदाकडचे भोजन झाले होते, आजार बळावला होता आणि कुसिनाराच्या वाटेवर एका झाडाखाली ते बसले होते. पुक्कुस मल्लपुत्त हा आळारांचा शिष्य तेथून जात होता. रस्त्याकडेला आळार ध्यानस्थ बसले असता पाचशे गाड्या जवळून गेल्या, अंगावरच्या वस्त्रावर धूळ उडाली, तरी जागे असूनही त्यांनी काही पाहिले नाही की ऐकले नाही, ही गोष्ट त्याने मोठ्या अभिमानाने सांगितली. तथागतांनी आळारांविषयी उणा शब्द काढला नाही. आतुमा गावी वीज पडून दोन शेतकरी भाऊ आणि चार बैल मेले, तेव्हा जवळच्या भुसागारात आपण जागे असूनही काही ऐकले नव्हते, एवढेच त्यांनी सांगितले. आपली आळारांवरची श्रद्धा वाऱ्यावर सोडली, असे पुक्कुस म्हणाला आणि उपासक झाला. त्याने सोन्याच्या रंगाची दोन वस्त्रे आणवली. एक मला पांघर आणि एक आनंदाला, असे तथागतांनी त्याला सांगितले.